रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, तरी: मणक्याच्या दुखापतीनंतर कोलेस्टेरॉल आणि हृदय कसं सांभाळायचं

मणक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो, तेव्हा घरच्यांच्या डोक्यात चारच गोष्टी असतात: लघवी, शौच, बेडसोर आणि ‘पाय कधी हलणार’. हृदयाचं नाव त्या यादीत नसतं. पस्तिशीतला माणूस, अपघाताआधी धडधाकट, त्याला कसलं आलंय कोलेस्टेरॉल! मी इंदुरात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, जिथे जाईन तिथे हेच ऐकते.

खरी गोष्ट अशी की दुखापतीनंतरची सुरुवातीची वर्षं निभावली, की पुढे हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हे मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक ठरतात, आणि ते इतरांपेक्षा लवकरच्या वयात गाठतात. मांड्या, पोटऱ्या, कुल्ले इथले स्नायू म्हणजे शरीरातली साखर आणि चरबी वापरणारा सगळ्यात मोठा साठा. दुखापतीनंतर ते भराभर आटतात आणि त्यांच्या जागी चरबी येते. इन्शुलिनचं काम नीट होईनासं होतं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढायला लागतात आणि ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो ते एचडीएल खाली उतरतं.

त्यात आणखी एक पंचाईत आहे. आपण ज्या खुणांवर एरवी भरवसा ठेवतो, म्हणजे वजन, नाडी, छातीतली कळ, रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ शेरा, त्या सगळ्या या शरीरात कमीजास्त फसवतात. म्हणून प्रत्येक आकडा कसा मोजायचा आणि कसा वाचायचा, हे नव्याने शिकावं लागतं.

पहिलं काम: दुखापतीची पातळी आणि नेहमीचं बीपी लिहून ठेवा

डिस्चार्ज कार्डावर सी-५, टी-४, टी-१०, एल-१ असं काहीतरी लिहिलेलं असतं. सी म्हणजे मान, टी म्हणजे छातीमागचा मणका, एल म्हणजे कंबर; आकडा वरून खाली वाढत जातो. ते अक्षर आणि आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. हृदयाच्या दृष्टीने टी-६ ही सीमारेषा. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक जिथे संपतं, त्वचेवर साधारण तिथे टी-६ ची पातळी येते. दुखापत टी-६ ला किंवा त्याच्या वर असेल, तर हृदय आणि रक्तवाहिन्यांवरचा मेंदूचा ताबा बराचसा सुटलेला असतो. खाली असेल तर तो पुष्कळसा शाबूत असतो.

मग बीपीचं मशीन घ्या, दंडाला पट्टा बांधायचं. मनगटावरची मशीनं टाळा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, एकाच हाताला, एकदा झोपवून आणि एकदा बसवून बीपी मोजा आणि वहीत लिहा. मानेची दुखापत असलेल्या पेशंटचं वरचं बीपी ९० ते ११० च्या दरम्यान असणं अगदी नेहमीचं आहे. शेजारच्या काकू ‘बीपी लो आहे, मीठ-साखरेचं पाणी द्या’ म्हणतील. त्यांना चहा पाजा आणि वही मिटवून ठेवा. हा त्या पेशंटचा स्वतःचा आकडा आहे आणि पुढे सगळं त्याच्याशीच ताडून पाहायचंय.

झोपल्यावरून बसवताना वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने पडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याची वेगळी नोंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. एकदम उठवू नका. आधी पाठीमागे उशा रचून अर्धवट बसवा, थोडा वेळ थांबा, मग पाय खाली सोडा. पोटाचा पट्टा आणि पायांचे घट्ट मोजे इथे कामाला येतात. अशा पेशंटचं मीठ स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयासाठी मीठ कमी करा हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण ज्याचं बीपी बसल्याबरोबर कोसळतं त्याच्यासाठी मिठाचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

दुसरं काम: वजन आणि पोटाचा घेर

घरच्यांना वाटतं, ‘किती वाळलाय बिचारा, पाय बघा कसे काठीसारखे झाले.’ आणि मग तुपाची धार वाढते. पाय वाळले ते स्नायू गेले म्हणून. त्याच वेळी पोटात, आतड्यांभोवती चरबी साचत असते. वजनकाटा या दोन्हींची बेरीज दाखवतो, त्यामुळे आकडा तोच राहूनही आतलं माप बिघडलेलं असू शकतं. म्हणूनच उंची-वजनाचं जे गुणोत्तर, बीएमआय, त्याची लठ्ठपणाची रेषा मणक्याच्या दुखापतीत २२ वर आखलेली आहे. आपल्याकडे एरवी जास्त वजनाची सुरुवात २३ ला आणि लठ्ठपणाची २५ ला धरतात. उंची झोपवून मोजा. पाय आखडलेले असतील तर अपघाताआधीची उंची धरा.

आता उभं राहता न येणाऱ्याचं वजन करायचं कसं? मोठ्या पुनर्वसन केंद्रांत व्हीलचेअरसकट वजन करायचे काटे असतात. ते जवळ नसेल तर किराण्याच्या होलसेल दुकानात पोती मोजायचा जो जमिनीलगतचा काटा असतो, तो चालतो. छावणीच्या अनाज मंडीच्या बाजूला अशी दुकानं हवी तेवढी आहेत. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना जा. एक फळी टेकवून खुर्ची काट्यावर चढवा, ब्रेक लावा, खुर्चीला धरलेले हात सगळ्यांनी सोडा आणि आकडा घ्या. नंतर घरी पेशंटला उतरवून रिकामी खुर्ची, त्याच गादीसकट, पुन्हा नेऊन मोजा. खुर्चीचं वजन एकदाच लिहून ठेवलं की पुढच्या वेळी नुसती वजाबाकी. ट्रकच्या धर्मकाट्यावर जाऊ नका, तिथे किलो-दोन किलोचा फरक कळत नाही. आणि मुलाने वडिलांना उचलून बाथरूमच्या काट्यावर उभं राहणं, हा तर कंबर धरवून घ्यायचा हमखास मार्ग.

पोटाचा घेर महिन्यातून एकदा, पेशंटला पाठीवर झोपवून, लघवी-शौच झाल्यावर, श्वास सोडल्यावर मोजा. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची खूण धरतात, पण पोटाचे स्नायू सैल असलेल्याचं पोट तसंही पुढे येतं. त्यामुळे नुसत्या आकड्यापेक्षा तो महिन्यागणिक कुठे चाललाय हे जास्त बघा.

तिसरं काम: रक्ततपासणी, आणि ती वाचणं

पुनर्वसन संपवून घरी जाताना एकदा आणि नंतर दरवर्षी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि चरबीची रक्ततपासणी, करावं. जोडीला उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर. इंदुरात बहुतेक लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो, त्यामुळे खुर्ची जिन्यावरून उतरवायचा प्रश्न नाही. रात्री जेवणानंतर १० ते १२ तास उपाशी राहून दिलं तर ट्रायग्लिसराइड नीट कळतं. पाणी आणि नेहमीची औषधं चालतात. साखरेचं औषध किंवा इन्शुलिन चालू असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

ताप, लघवीचं इन्फेक्शन, चिघळलेला बेडसोर असं काही चालू असताना ही तपासणी करू नका. शरीरात दाह असतो तेव्हा कोलेस्टेरॉल खोटं खाली दिसतं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि एचडीएल दोन्ही. अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांतले आकडेही याच कारणाने भरवशाचे नसतात.

आता वाचायचं कसं. उदाहरणादाखल एक रिपोर्ट घ्या: एकूण कोलेस्टेरॉल १६८, ट्रायग्लिसराइड १७५, एचडीएल २९, एलडीएल १०४. बहुतेक लोक पहिली ओळ बघतात. १६८, म्हणजे २०० च्या आत, चला सुटलो! रिपोर्ट फाइलला लागतो आणि संध्याकाळी कचोरी येते. पण १६८ हा आकडा छान दिसतोय तो एचडीएल इतकं खाली गेलंय म्हणून. पुरुषात ते ४० च्या वर आणि बाईत ५० च्या वर असायला हवं. इथे ते २९ आहे. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं, ते १७५ आहे. आणि एक वजाबाकी रिपोर्टात नसेल तर स्वतः करा: एकूणातून एचडीएल वजा. १६८ वजा २९, म्हणजे १३९. याला नॉन-एचडीएल म्हणतात, रक्तवाहिन्यांत साचू शकणाऱ्या सगळ्या कोलेस्टेरॉलची ती बेरीज आहे आणि ती १३० च्या आत असावी. म्हणजे पहिली ओळ वगळता या रिपोर्टात बिनघोर असं काहीच नाही. मणक्याच्या दुखापतीत दिसणारं चित्र नेमकं असंच असतं: एकूण कोलेस्टेरॉल बरं, एलडीएल ठीकठाक, एचडीएल मात्र तळाला.

एलडीएल साधारण १०० च्या आत ठेवतात. मधुमेह असेल, हृदयाचा त्रास आधी होऊन गेला असेल, तर डॉक्टर त्याहून खालचा आकडा मागतात. ‘पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅकची शक्यता किती’ हे सांगणारी जी गणितं असतात, त्यांत मणक्याची दुखापत धरलेलीच नसते, म्हणून ती धोका कमी दाखवतात. डॉक्टर असं गणित करत असतील तर ही गोष्ट नम्रपणे काढायला हरकत नाही.

जाता जाता क्रिएटिनिनचं, म्हणजे किडनी कशी चाललीय हे ज्यावरून बघतात त्या आकड्याचं. ते स्नायूंतून येतं. स्नायूच आटले की ते कमी येतं आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली भासते. नव्या डॉक्टरांना पेशंट व्हीलचेअरवर आहे हे फोनवरच सांगत जा.

चौथं काम: स्वयंपाकघर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंदूर.

आधी गणित. हालचाल कमी आणि स्नायू कमी, म्हणून लागणारी कॅलरीही कमी. दोन्ही पाय गेलेल्याला, म्हणजे पॅराप्लेजियात, दर किलो वजनामागे दिवसाला साधारण २८ कॅलरी, आणि चारही हातपाय गेलेल्याला साधारण २३. साठ किलोच्या माणसाला पहिल्या बाबतीत १६८०, दुसऱ्यात १३८०. अपघाताआधी हाच माणूस बावीसशे-चोवीसशे सहज पचवत असेल. भूक मात्र जुनीच राहते, आणि दिवसभर घरात बसून हात डब्याकडे जातो तो वेगळाच.

डब्यात काय असतं? सेव. लौंग सेव, रतलामी सेव, साधी बारीक सेव. पोह्यांवर सेव, साबुदाण्याच्या खिचडीवर सेव, वरणभातावरसुद्धा सेव घालणारी मराठी घरं मी इथेच पाहिली. शंभर ग्रॅम सेवेत साधारण साडेपाचशे कॅलरी असतात. वरच्या साठ किलोवाल्या पॅराप्लेजियाच्या पेशंटचा जवळजवळ एक-तृतीयांश दिवस त्या दोन-चार मुठींत संपला. मी घरी गेले की आधी फ्रिजवरचा डबा बघते, मग पेशंटचे खांदे.

इंदुरी पोह्यांवर माझा राग नाही. वाफेवर राहणारे पोहे, बडीशेप, कांदा, लिंबू, जिरावन (इथला वरून भुरभुरायचा मसाला); त्यांत तेल बेताचंच असतं. घात करते ती वरची सेव आणि बाजूची जलेबी. साखर आणि मैदा ट्रायग्लिसराइड वाढवतात, हे ‘जलेबीत कोलेस्टेरॉल कुठे असतं’ म्हणणाऱ्या दादांना मी दर वेळी सांगते. दारूही तेच करते. तेव्हा पोहे खा, त्यात मोड आलेले मूग किंवा मटार घाला, सेव चमच्याने मोजून एक चमचा. दाल-बाफले (वरणाबरोबर खायचे कणकेचे गोळे) रविवारी होणारच असतील तर बाफला तुपात बुडवून काढू नका, फोडून वर एक चमचा तूप घ्या, आणि लाडू सोडा. हिवाळ्यातला गराडू (इथला एक कंद) तळण्याऐवजी उकडून तव्यावर परतला तरी जिरावन आणि लिंबामुळे चव लागते. (तशी नाही लागत, मला माहीत आहे. पण लागते.) इथली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी समजू नका. ती दुधाची, दाट, गोड असते, पेल्यात जेवणच. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायला मी कुणालाही मना करत नाही. रात्रीची ती गर्दी, दिवे, माणसं पेशंटला हवीच असतात. फक्त घरून जेवून जा आणि तिथे एकच पदार्थ वाटून खा.

घरातलं तेल मोजायची सोपी रीत: माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांचं घर असेल तर महिन्याला दोन लिटर, बस. महिन्याच्या पंधरा तारखेलाच दोन लिटर उडालं, तर कुणाला दोष न देता तळण कमी करा. शेंगदाण्याचं, मोहरीचं, सोयाबीनचं, जे चालतं ते चालू द्या, आलटून पालटून वापरलं तर उत्तम. एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवणं वाईट. डालडा घरातून काढाच. सरकारने २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण डालड्यासारख्या वनस्पती तुपात गोठणारी (सॅच्युरेटेड) चरबी उरतेच, आणि गाड्यावरच्या कढईत सकाळपासून उकळणाऱ्या तेलाला कुठली मर्यादा?

प्रथिनं कमी करू नका. मूग, मटकी, हरभरा, ताक, सायविरहित दुधाचं दही, पनीर बेताने, खात असाल तर अंड्याचा पांढरा भाग, मासे, कोंबडी. बेडसोर असेल तर प्रथिनं उलट वाढवावी लागतात, दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत. अशा वेळी वजन उतरवायचा विचार बाजूला ठेवा, आधी जखम भरू दे. किडनीचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

उपवासाचं वेगळं सांगायला हवं. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार धरले तर आपल्या घरांत महिन्याचे किती दिवस साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा आणि तूप यांवर जातात ते मोजून पाहा. वरई, राजगिरा, ताक, फळं यांवर उपवास करता येतो. आणि खरं तर आजारी माणसाला उपवासातून मोकळीक शास्त्रानेच दिलेली आहे, हे सासूबाईंना त्यांच्या देवघरातल्या पोथीचा मान राखून सांगता येतं.

फायबर: घाई करू नका

कोलेस्टेरॉल म्हटलं की कुणीतरी ओट्स, कोंडा आणि इसबगोल हातात देतं. इसबगोलासारख्या विरघळणाऱ्या फायबरने एलडीएल थोडं उतरतं, हे खरं आहे. शिवाय इसबगोल आपल्या माळव्यातलंच, नीमचच्या मंडीतलं. पण मणक्याच्या दुखापतीनंतर आतडी मुळातच मंद चालतात. एकदम फायबर वाढवलं की गॅस, पोट फुगणं, शौच अडकणं, आणि बसलेली घडी महिनाभर विस्कटते. दिवसाला १५ ग्रॅमच्या आसपास सुरुवात करा, एका वेळी एकच पदार्थ वाढवा, आठवडाभर शौचाची वेळ आणि घट्टपणा लिहा, मग पुढे.

इसबगोल घेतलं तर भरपूर पाण्याबरोबर, आणि इतर औषधांपासून दीड-दोन तास लांब. आणि पाण्याचं गणित कॅथेटरशी बांधलेलं असतं. दिवसातून चार ते सहा वेळा कॅथेटर घालून लघवी काढणाऱ्याने प्रत्येक वेळी ती ५०० मिलीच्या आत राहील इतपत पाणी वाटून प्यावं लागतं. पाणी वाढवायचं तर कॅथेटरच्या वेळाही बदलाव्या लागतील. हे तुमच्या युरोलॉजिस्टशी किंवा फिजिओशी बोलून ठरवा.

पाचवं काम: हातांचा व्यायाम

एचडीएल वर आणायची खात्रीची गोळी नाही. तंबाखू सोडणं आणि घाम निघेल असा व्यायाम, हे दोन रस्ते आहेत. गुटखा, बिडी, सिगारेट, मिश्री काहीही असो, निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात, त्यामुळे हृदयासोबत बेडसोरचंही नुकसान.

मणक्याची दुखापत असलेल्या प्रौढांसाठी २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. दमसास आणि ताकद टिकवायची तर आठवड्यातून दोनदा २० मिनिटं मध्यम ते जोरकस व्यायाम, आणि दोनदा ज्या स्नायूंत हालचाल उरली आहे त्यांचे ताकदीचे व्यायाम, प्रत्येकाचे तीन सेट. साखर-चरबीवर परिणाम हवा असेल तर ३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. हे अंतिम ठिकाण आहे. नवा पेशंट पाच मिनिटांत थकतो. त्याला पाच मिनिटंच करू द्या, थांबवा, पुन्हा पाच.

साधन काय? टेबलावर घट्ट बसवायची हातांची पेडल सायकल, रबरी पट्टा, पाण्याच्या बाटल्या, बसून मुठींनी हवेत ठोसे, आणि सपाट रस्त्यावर खुर्ची स्वतः ढकलणं. ज्याची पकड नाही त्याचा हात क्रेप बँडेजने पेडलला बांधता येतो, पण नंतर बँडेज सोडून त्वचा बघायलाच हवी, कारण तिथे घासलेलं त्याला कळणार नाही. बागेत न्यायचं असेल तर घरच्यांपैकी एकाने आधी एकदा जाऊन फाटकाची रुंदी आणि पायवाटेचा चढ बघून यावा.

खांद्यांकडे मी फार लक्ष देते. आता पायांचं काम खांदे करतात: पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात. ते दुखायला लागले की माणूस पुन्हा पलंगाला खिळतो. त्यामुळे जेवढं पुढे ढकलण्याचं काम, त्याहून जास्त मागे ओढण्याचं करा. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून, कोपरं मागे नेत, खांद्याची पाती एकमेकींकडे आणत.

व्यायामाआधी मूत्राशय रिकामं करा. नाडी मोजून जोर ठरवायचा नाही, निदान टी-६ च्या वरच्या पेशंटमध्ये तरी नाही. त्यांचं हृदय पूर्ण जोर लावूनही बऱ्याचदा ११० ते १३० च्या पुढे जात नाही, मग स्मार्टवॉच ‘हलका व्यायाम’ म्हणत बसतं. त्यापेक्षा बोलून पाहा: वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे जोर बरोबर. उन्हाळ्यात, इंदूरचा पारा ४० च्या पार जातो तेव्हा, सकाळी लवकर किंवा पंख्याखाली. वरच्या पातळीच्या दुखापतीत खालच्या अंगाला घाम येत नाही आणि शरीर तापत जातं. ओला टॉवेल मानेवर, पाणी फवारायची बाटली जवळ. ताप, उघडी जखम किंवा एका पायाला नव्याने आलेली सूज असेल त्या दिवशी व्यायाम नाही.

हे दिसलं तर थांबायचं नाही

तीन गोष्टी आहेत. तिन्ही घरातल्या शाळकरी मुलालासुद्धा सांगून ठेवा.

एक, मुका हार्ट अटॅक. वरच्या पातळीच्या दुखापतीत छातीत दुखेलच असं नाही. त्याऐवजी अचानक धाप, जबडा-मान-खांद्यात कळ, मळमळ, गार घाम, काहीच कारण नसताना वाढलेले स्पॅझम (स्नायूंचे आपोआप येणारे झटके), किंवा नुसता ‘काहीतरी चुकतंय’ असा अस्वस्थपणा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत रात्र काढू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढून घ्या.

दोन, पायातली रक्ताची गुठळी. पहिल्या तीन महिन्यांत धोका सगळ्यात जास्त. दुखणार नाही, म्हणून रोज कपडे बदलताना दोन्ही पोटऱ्या बघा. एकच पाय सुजलेला, गरम, लालसर असेल तर त्याला मालिश करू नका. आपल्याकडे तेल लावून चोळायची हौस फार, आणि इथे ती जीवघेणी ठरू शकते. सरळ दवाखाना. आणि एकाएकी धाप लागली तर १०८.

तीन, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. टी-६ किंवा वरच्या दुखापतीत खालच्या अंगाला काही टोचलं, भरलं, अडलं, की बीपी एकदम उसळतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल, दुखापतीच्या वर घाम, अंगावर काटा, नाक चोंदणं. नेहमीच्या आकड्यापेक्षा वरचं बीपी २० ते ४० ने वाढलं की हेच समजा. म्हणून ती वही. ज्याचं नेहमीचं ९५ आहे त्याचं १४० म्हणजे संकट आहे, आणि तपासणाऱ्याला मात्र ते ‘थोडंसं वाढलंय’ वाटतं. पेशंटला ताबडतोब सरळ बसवा, पाय खाली सोडा, झोपवू नका. पोटाचा पट्टा, बेल्ट, मोजे, बूट सैल करा. कॅथेटरची नळी दुमडली आहे का, पिशवी भरली आहे का ते बघा. नळी नसेल तर मूत्राशय रिकामं करा. मग शौच अडकलंय का, त्वचेवर फोड, नखुरडं, चादरीची सुरकुती. दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी. कारण सापडलं नाही किंवा बीपी उतरलं नाही, तर १०८.

यासाठी एक कार्ड करा: दुखापतीची पातळी, नेहमीचं बीपी, हा त्रास म्हणजे काय, आणि ‘पेशंटला झोपवू नका’. ते हिंदीत आणि इंग्रजीत लिहा. मराठीत लिहिलेलं आपल्याला गोड वाटेल, पण रात्री दोन वाजता एमवायच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, कॅज्युअल्टीत किंवा कुठल्याही दवाखान्यात ते वाचणारा मराठी असेलच असं नाही. कार्डाच्या मागे चालू औषधं. त्यात पुरुषांनी लाजेपोटी लपवलेली एक गोळी लिहायलाच हवी: सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल. बीपी उतरवायला किंवा छातीतल्या दुखण्यावर डॉक्टर नायट्रेट देतात. सिल्डेनाफिल घेऊन २४ तास किंवा टाडालाफिल घेऊन ४८ तास झाले नसतील, तर ते दोन्ही मिळून बीपी धोकादायक कोसळतं. बायकोसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना बाजूला सांगा, पण सांगा.

औषधं सुरू झाली तर

खाणं आणि व्यायाम करूनही आकडे हलले नाहीत, किंवा मधुमेहासारखं काही जोडीला असेल, तर डॉक्टर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, देतील. ॲटोरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन ही नेहमीची नावं, जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळणारी. त्यांचा एक दुष्परिणाम म्हणजे स्नायू दुखणं. ज्या पायांना संवेदनाच नाही ते दुखणार कसे? म्हणून हातांवर लक्ष ठेवा: खांदे-दंड दुखणं, पलंगावरून खुर्चीत जाताना कालच्यापेक्षा जास्त मदत लागणं. लघवी चहासारखी काळपट झाली तर इन्फेक्शन म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी फोन करा. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. मूल होण्याचा विचार असलेल्या बाईने स्टॅटिनच्या आधी तसं सांगावं. ‘रक्त पातळ करायला’ म्हणून ॲस्पिरिन डॉक्टरांखेरीज कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नये.

लघवी, छाती, घसा, कशाचंही इन्फेक्शन झालं आणि नवं अँटिबायोटिक लिहिलं, की स्टॅटिन चालू आहे हे आधी सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही औषधं ॲटोरवास्टॅटिनबरोबर घेतली तर स्नायूंचा धोका वाढतो.

हृदयाच्या डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट (एरवी पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) सांगितली आणि तिथल्या माणसाने ‘हे चालू शकत नाहीत, मग कशी करणार’ म्हणून परत पाठवलं, तर परत येऊ नका. हातांच्या पेडलवर किंवा औषध देऊन ही टेस्ट करता येते, तशी चिठ्ठी मागून घ्या. पेशंट रात्री मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही याच भेटीत सांगा. मानेच्या दुखापतीत झोपेतला श्वास अडकणं पुष्कळ आढळतं आणि त्याचा भार हृदयावरच पडतो.

स्टॅटिन सुरू केल्यावर साधारण सहा ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करतात. त्या सुमारास ताप किंवा इन्फेक्शन असेल तर लॅबवाल्याला दोन-तीन आठवड्यांनी यायला सांगा, आणि डॉक्टरांकडे जाताना जुना रिपोर्ट, बीपीची वही आणि रिकाम्या खुर्चीचं वजन लिहिलेला कागद सोबत घ्या.